अनोळखी भिडू

ब्रिज हा दोन-दोन भिडूंच्या जोड्यांचा पत्त्यांचा खेळ; आधी बोली लावायच्या, मग पाने खेळायची. त्याच्या स्पर्धेत नव्या भिडूबरोबर खेळायचे ठरले, की पहिली बैठक बहुधा पत्त्यांशिवायच होते. दोघांच्या मध्ये एक कोरे कन्व्हेन्शन कार्ड, म्हणजे जोडीने ठरवलेले बोलींचे अर्थ लिहायचा कागद, असते आणि त्यावरचे रकाने एकमेकांना विचारत भरायचे असतात. एक बिनहुकमीची, म्हणजे हुकमाचा रंग न ठेवता खेळण्याच्या बोलीची, सलामी हातातल्या मोठ्या पानांच्या किती गुणांवर द्यायची, १५ ते १७ की १२ ते १४? एक इस्पिक किंवा एक बदाम म्हणायला त्या रंगाची पाच पाने हवीत की चार पुरेत? स्टेमन (भिडूजवळ बदामाची किंवा इस्पिकची चार पाने आहेत का, हे विचारणारी बोली) असणारच, ट्रान्सफर (एका रंगाचे नाव घेऊन दुसरा दाखवणारी बोली) असणारच, ब्लॅकवुडमध्ये (एक्के किती, हे विचारणाऱ्या बोलीत) हुकमाचा राजा एक्क्यासारखा मोजायचा का, एवढे विचारले की पेन पुढे सरकते. यांतल्या स्टेमनची मला नेहमी गंमत वाटते. ती युक्ती मुळात सॅम स्टेमन यांची नव्हे, त्यांचे भिडू जॉर्ज रापे यांची. पण १९४५ मध्ये तिच्याविषयी लेख लिहिला तो स्टेमन यांनी, आणि नाव लिहिणाऱ्याचे लागले. भिडू निवडताना तो लेखक तर नाही ना, एवढे पाहून घ्यायला हरकत नसावी.

कार्ड भरून झाले, की दोघांनाही आपली तयारी झाल्यासारखे वाटते. ही समजूत फार तर पहिल्या तीन-चार डावांपर्यंत टिकते. एक ते सातपर्यंतच्या पाच-पाच बोली (चार रंग आणि बिनहुकमी) मिळून ३५, शिवाय पास, प्रतिस्पर्ध्याच्या बोलीवरची पैज वाढवणारे डबल आणि त्यावरचे रिडबल, अशा एकंदर ३८ उच्चारांत ब्रिजचे सगळे संभाषण बसवायचे असते. एका खेळाडूच्या वाट्याला येऊ शकणारे तेरा पानांचे संच मात्र ६३,५०० कोटींहून अधिक आहेत. तेव्हा एकाच उच्चाराला वेगवेगळ्या प्रसंगी वेगवेगळे अर्थ द्यावे लागतात, आणि नव्या जोडीने चर्चिलेले प्रसंग हे घडणाऱ्या प्रसंगांच्या मानाने अगदी मूठभर असतात. डबलचेच पाहा. भिडूने एक किलवर म्हटले, उजवीकडच्या प्रतिस्पर्ध्याने एक इस्पिक म्हटले आणि मी डबल म्हटले, तर पूर्वी त्याचा अर्थ ‘यांना इथेच ठेवू, यांचे हात बुडवू’ असा होत असे; आज बहुतेक जण त्यातून ‘माझ्याजवळ बदामाची पाने आहेत, तू बोल’ असे समजतात. अमेरिकन खेळाडू ऑल्विन रॉथ यांनी १९५७ मध्ये हा नवा अर्थ रूढ करायला घेतला, आणि त्याच वर्षी आकाशात गेलेल्या उपग्रहावरून या डबलला स्पुटनिक असे नाव पडले. तो अर्थ किती उंचीपर्यंत चालवायचा, दोनच्या बोलीपर्यंत की चारच्या, यावर नव्या भिडूशी बोलायचे राहिले असेल, तर प्रतिस्पर्ध्याच्या तीन चौकटवर दिलेल्या डबलचे काय होईल, हे देणाऱ्यालाही ठाऊक नसते.

याहून अवघड जागा एक बिनहुकमीनंतर येते. भिडूने ती सलामी दिली आणि मध्ये कोणी बोललेच नाही, तर दोन बदाम या बोलीचा अर्थ ‘माझ्याजवळ पाच इस्पिक आहेत, तू दोन इस्पिक म्हण’ असा, हे कार्डावर लिहिलेले असते. पण मध्ये प्रतिस्पर्ध्याने डबल म्हटले तर? आपली पद्धत तशीच चालू राहते, की सगळे गुंडाळून बदाम म्हणजे बदामच? दोन्ही रिवाज प्रचारात आहेत, दोन्ही समंजस आहेत, आणि नव्या जोडीत एकाने एक आणि दुसऱ्याने दुसरा मनात धरलेला असण्याची शक्यता भरपूर आहे.

समजा, माझ्याजवळ सहा बदाम आहेत आणि मी दोन बदाम म्हणजे बदामच अशा समजुतीने म्हटले. भिडूने अ‍ॅलर्ट केले, म्हणजे या बोलीला खास अर्थ असल्याची सूचना दिली, प्रतिस्पर्ध्याने अर्थ विचारला, आणि भिडूने शांतपणे सांगितले की ही ट्रान्सफर आहे, याच्याजवळ इस्पिक आहेत. मग त्याने दोन इस्पिक म्हटले. आता काय चुकले, हे मला पूर्ण कळलेले असते. परंतु ब्रिजचे नियम सांगतात की भिडूचे स्पष्टीकरण माझ्यासाठी नाही, ते फक्त प्रतिस्पर्ध्यांसाठी आहे, आणि त्यातून मिळालेल्या माहितीचा मला तिळभरही उपयोग करता येणार नाही. मला असे मानून बोलायचे असते, की माझे बदाम ऐकून, समजून, तरीही भिडूने आपणहून इस्पिक दाखवले आहेत. त्याच्याजवळ चांगली पाच इस्पिके असली पाहिजेत, असा विचार मी करायचा, आणि तो खोटा आहे हे माहीत असूनही त्याप्रमाणे वागायचे. घाबरून तीन बदाम म्हणण्याचा मोह प्रत्येकाला होतो, आणि नियम नेमका त्या मोहापुढे आडवा येतो. बोली संपल्यावर डाव आमच्याकडे असेल, तर पहिली उतारी होण्यापूर्वी स्पर्धेच्या डायरेक्टरला, म्हणजे पंचाला, बोलावून भिडूचे स्पष्टीकरण चुकीचे होते, हे मीच सांगायचे असते. आम्ही बचावात असू, तर खेळ संपेपर्यंत गप्प राहायचे. ऐकलेले न ऐकल्यासारखे करण्याची एवढी काटेकोर सक्ती दुसऱ्या कुठल्या खेळात असेल, असे मला वाटत नाही.

नव्या भिडूची बाजू मी घेतो ती याच कारणासाठी. भिडूंनी एकमेकांशी केवळ बोलीतून आणि खेळलेल्या पानांतून बोलावे. सूर, चेहरा, घेतलेला वेळ, पान टाकण्याची ढब यांतून काही सांगू नये आणि समजून घेऊ नये, असा या खेळाचा आग्रह आहे. जुन्या जोडीला हे पाळणे फार जड जाते. वर्षानुवर्षे समोर बसलेल्या माणसाने पास म्हणण्यापूर्वी घेतलेला चार सेकंदांचा श्वास कशाचा आहे, हे आपल्याला न बघताही कळते, आणि कळले की ते विसरून बोलण्याचे ओझे डोक्यावर येते. नवा भिडू विचारात पडला, तर तो सोळा गुणांमुळे पडला की घरचा गॅस बंद केला की नाही या शंकेमुळे, हे मला सांगता येत नाही; त्यामुळे नियम मोडण्याची सोयच उरत नाही. मोठ्या स्पर्धांमध्ये टेबलावर तिरका पडदा लावतात, तो याच स्थितीपर्यंत पोचण्यासाठी. पडद्यामुळे भिडू दिसत नाही, शेजारचा एक प्रतिस्पर्धी तेवढा दिसतो, आणि स्पष्टीकरणे त्याच्यापुरती लिहून दिली जातात, म्हणजे वरच्या उदाहरणातला पेच मुळातच टळतो. बर्म्युडा बोल या जागतिक स्पर्धेत १९७५ मध्ये पडदे पहिल्यांदा आले. त्याच स्पर्धेत एका जोडीवर टेबलाखाली पायाने खुणा केल्याचा आरोप झाला, आणि मग टेबलाखालीही आडोसा घालावा लागला. थोडक्यात, जुन्या भिडूला लाकूड आणि कापड वापरून अनोळखी करावे लागते. नवा भिडू आयताच अनोळखी असतो.

अर्थात, अनोळखीपणाची किंमत बचावात मोजावी लागते. ढोबळमानाने निम्मे डाव बचावातच जातात, तरी बोलीवर दोन तास बोललेली जोडी बचावाला निघता निघता दोन मिनिटे देते. एक्का आणि राजा दोन्ही असताना उतारी एक्क्याची करायची की राजाची, हे तरी ठरलेले असावे, कारण त्यावरून भिडू राणी कुठे आहे याचा अंदाज बांधतो. भिडूच्या उतारीवर मोठे पान टाकले तर ‘हाच रंग पुढे खेळ’ असा संकेत, की उलट्या पद्धतीने लहान पान म्हणजे होकार? इथे गैरसमज झाला तर तो नुसता अपुरा अर्थ उरत नाही, बरोबर विरुद्ध अर्थ होतो. मी पंजा टाकून ‘नको’ म्हणतो, समोरचा तो ‘हो’ समजून आनंदाने तोच रंग पुन्हा उतरतो, आणि डिक्लेअररला, म्हणजे डाव खेळणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला, घरबसल्या एक हात मिळतो. डुप्लिकेट स्पर्धेत तर हा हात लपतही नाही. तेच पत्ते दुसऱ्या टेबलांवर दुसऱ्या जोड्यांनी खेळलेले असतात, त्यामुळे पाने वाईट आली ही सबब चालत नाही, आणि इतर टेबलांशी तुलना करून गुण देणाऱ्या मॅचपॉइंटच्या मोजणीत असा एखादा जास्तीचा हात अख्ख्या डावाचा निकाल फिरवतो.

जेफ मेकस्ट्रॉथ आणि एरिक रॉडवेल या अमेरिकन जोडीची आपसातली टिपणे शेकडो पानांची आहेत, असे वाचले की नव्या जोड्यांना उगाच स्फुरण चढते आणि आठवडाभरात आठ कन्व्हेन्शने शिकण्याचे बेत होतात. या दोघांनी ती पाने अनेक दशके एकत्र खेळून, एकेका घोटाळ्यानंतर लिहिली आहेत. ती आधी लिहून मग खेळायला बसले नव्हते. माझे मत विचाराल तर नव्या भिडूबरोबर कार्ड जितके रिकामे तितके बरे. स्टेमन, ट्रान्सफर, ब्लॅकवुड आणि ‘ज्याची चर्चा झाली नाही ती बोली जशी ऐकू येते त्याच अर्थाची’ हा एक करार, एवढ्यावर सबंध स्पर्धा निभावते. हा शेवटचा करार आधी झालेला असला, तर बिनहुकमीवरच्या डबलनंतरचे दोन बदाम दोघेही बदामच समजतात.

उरतो प्रश्न डावानंतरच्या चर्चेचा. जुन्या भिडूंच्या चर्चेत मागच्या वर्षीचे तीन डाव आपोआप मिसळतात, आणि नवरा-बायको असतील तर डावांशी संबंध नसलेलेही बरेच काही. कॅन्सस सिटीत १९२९ मध्ये मर्टल बेनेट या बाईंनी चार इस्पिकचा डाव बुडवणाऱ्या आपल्या नवऱ्यावर त्याच रात्री गोळ्या झाडल्या. भांडणात त्याने तिच्यावर हात उगारला होता, आणि पुढे ज्यूरीने तिला निर्दोष सोडले. नव्या भिडूशी इतका जुना हिशेब नसतो. त्याला ‘तुझे तीन चौकटवरचे डबल कसले होते?’ असे विचारले, तर तो खरेच उत्तर देतो. तो म्हणतो, मारण्यासाठी, म्हणजे त्यांना बुडवण्यासाठी होते. मी म्हणतो, मी बदाम समजलो. मग दोघे मिळून ठरवतो की स्पुटनिक तीनच्या बोलीपर्यंत, त्यापुढे मार. कार्डावरच्या त्या रकान्यात तीनचा आकडा जातो, आणि तोवर पुढच्या फेरीचे प्रतिस्पर्धी खुर्च्या ओढून बसलेले असतात.