खंदकाकाठची गोष्ट

शाळेच्या स्मरणिकेसाठी लिही म्हणून फोन आला तेव्हा डोळ्यासमोर पहिल्यांदा वर्ग नाही आला, बेळगावच्या किल्ल्याचा खंदक आला. आठवीत होतो, इतिहासाचे सर आम्हाला घेऊन गेले होते. आधी किल्ल्यातलं जुनं जैन मंदिर, कमल बस्ती, बघितलं, छताला उलटं लटकलेलं ते दगडी कमळ बघून मान दुखेपर्यंत सगळे वर बघत उभे. 1204 साली रट्ट घराण्याच्या राज्यात, चौथा कार्तवीर्य राजा असताना बांधलंय म्हणाले, आणि इथले शिलालेख लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत हे ऐकून मला खरंच वाईट वाटलेलं, अजूनही वाटतं.

मग भाकरी आणि शेंगाचटणी सोडून खंदकाकाठी बसलो आणि सरांनी महमूद गवानची गोष्ट सुरू केली. गवान म्हणजे बिदरच्या बहमनी सुलतानाचा वजीर, मूळचा इराणचा व्यापारी. 1472-73 च्या सुमारास बहमनी फौजेने या किल्ल्याला वेढा घातला, तटाखाली सुरुंग लावून दारूने भिंती उडवल्या. फरिश्ता हा जुना इतिहासकार लिहितो की दख्खनमध्ये हे तंत्र तोपर्यंत माहीतच नव्हतं. तट पडल्यावर इथला राजा जासुदाचा वेष करून सुलतानापुढे गेला, गळ्यात पागोटं बांधून पायाशी पडला आणि मीच तो राजा म्हणून सांगितलं, तेव्हा सुलतानाने त्याला माफ केलं. आम्ही पोरं खंदकाकडे बघतोय आणि सर हात करून दाखवतायत, इथून आले असतील बघा.

पण खरी गोष्ट पुढे होती. दरबारातल्या लोकांना गवान नकोसा झाला. त्यांनी त्याच्या शिक्का सांभाळणाऱ्याला दारू पाजली आणि कोऱ्या कागदावर शिक्का मारून घेतला, मग त्यावर ओरिसाच्या राजाला चढाई करायला बोलावणारं पत्र लिहिलं. नशेत असलेल्या सुलतानाने ते बघितलं. शिक्का माझाच पण पत्र माझं नव्हे, असं गवानने सांगितलं तरी ऐकलं नाही, एप्रिल 1481 मध्ये म्हाताऱ्या वजिराचा शिरच्छेद झाला. नंतर खजिना शोधायला गेले तर काही विशेष सापडलंच नाही, तो मातीच्या भांड्यात जेवायचा, चटईवर झोपायचा. वर्षभरात सुलतानही गेला आणि पुढे राज्याचे तुकडे झाले. बिदरला त्याने 1472 मध्ये बांधलेला मदरसा अजून अर्धामुर्धा उभा आहे, मी बायकोमुलांना घेऊन मुद्दाम बघून आलो.

गोष्ट संपल्यावर सर एवढंच म्हणाले, "कोऱ्या कागदावर सही करू नका पोरांनो." नंतर सोळा-सतरा वर्षांनी एका पतसंस्थेत ओळखीच्या माणसाला जामीन राहायचं होतं, फॉर्म रिकामाच पुढे आला, सही करा, नंतर भरतो म्हणाले. पेन हातात घेतलं आणि खंदक आठवला, मी म्हटलं आधी रक्कम भरा मग करतो. ते रागावले, मी उठून आलो. दोन वर्षांनी त्याच फॉर्मवर सही केलेले दोघं घरदार गहाण टाकून हप्ते फेडत होते.

सरांना हे सांगायला मी त्यांच्या घरी गेलो होतो. ते थकलेले, आवाज बारीक झालेला, ऐकून हसले आणि विचारलं, "मदरसा बघितलास काय रे? मनोऱ्यावरच्या निळ्या टाइल्स अजून हायत?"

आहेत म्हटलं सर, थोड्या आहेत.