चौथी प्रतिकृती सुटली एकदाची

काल रात्री फ्रिजमधून ‘टक्’ असा आवाज आला. म्हटलं, गेली काच. दार उघडून टॉवेल सोडला तर चौथी प्रतिकृती मास्टरवरून आपणहून सुटलेली, दोन्ही काचा धड! प्रतिकृती म्हणजे दुर्बिणीच्या आरशाची: मास्टर हा गुळगुळीत साचा, त्यावर चिकटू नये म्हणून वॅक्स, मग एपॉक्सी, आणि वर ब्लँक, म्हणजे नुसती घासलेली काच. एपॉक्सी घट्ट झाली की साच्याचा आकार ब्लँकवर उतरतो.

मास्टर तोच, १०० मिमी एफ/८ (फोकल लांबी व्यासाच्या आठपट) आरसा घासताना उरलेलं बहिर्वक्र टूल (ज्यावर आरसा घासतात ती काच), नंतर पॉलिश केलेलं. तिसऱ्या प्रतिकृतीने पार रडवलं होतं. रोन्ची चाचणीत बारीक रेघांच्या जाळीतून आरसा पाहतात, आकार बरोबर असेल तर रेघा सरळ दिसतात. माझ्या रेघा मधे सरळ आणि कडेला हॉकी स्टिकसारख्या वळलेल्या. तीन आठवडे मी वॅक्सला शिव्या घालत होतो. शेवटी ८० ग्रिटच्या जाड भुकटीने घासून सोडलेल्या ब्लँकवर स्फेरोमीटर (बाक मोजायचं उपकरण) ठेवला तेव्हा कळलं, ब्लँकचा बाक मास्टरशी जुळतच नाही; एपॉक्सीचा थर मधे कडेपेक्षा ०.१ मिमी जाड बसत होता. एपॉक्सी एक टक्का आकसली असं धरा: फरक १ मायक्रॉन, म्हणजे हिरव्या प्रकाशाच्या जवळजवळ दोन तरंगलांब्या. वॅक्स बिचारं निर्दोष.

म्हणून या खेपेला दोन थर. पहिला जाड, आठवडाभर मुरू दिला. मग मास्टर परत वॅक्स करून मधोमध एपॉक्सीचा एकच थेंब, कोमट पाण्यात बाटली ठेवून पातळ केलेला, आणि ब्लँक अलगद वर. या दुसऱ्या थराची जाडी फक्त त्या १ मायक्रॉनने कमीजास्त, म्हणून आता चूक त्याच्या एक टक्का, दहा नॅनोमीटर. रेघा या कडेपासून त्या कडेपर्यंत सरळ! बायकोला दाखवल्या. ती म्हणाली, “रेघाच आहेत ना?”

पाच मिनिटांत सुकणारी एपॉक्सी घेऊ नका. तापते फार आणि बुडबुडे निघायच्या आत घट्ट होते. चोवीस तासवालीच घ्या. चॅम्फरवर (काचेच्या कडेच्या तिरक्या घाशीवर) ओघळलेली अर्धवट घट्ट असतानाच पुसा, नाहीतर तीच कुलूप लावते. माझी दुसरी तशीच गेली. फ्रिजची युक्ती चालते कारण गारव्याने एपॉक्सी काचेच्या कितीतरी पट आकसते. टॉवेलात गुंडाळूनच ठेवा, सावकाश गार होऊ दे.

फुको चाचणीत (आरशावरचे बारीक उंचसखल भाग दाखवणारी) वॅक्सचे फराटे मात्र दिसतात. अ‍ॅल्युमिनायझिंगला (अ‍ॅल्युमिनियमचा चकचकीत थर चढवायला) पाठवणार होतो, पण एपॉक्सी म्हटलं की निर्वात चेंबरवाले कुरकुरतात. आणि हे लिहितानाच सुचतंय: आधी मास्टरवरच चांदी चढवली तर? काचेला ती तशीही हलकीच धरते. एपॉक्सी तिला उचलून आणेल, वॅक्सची कटकटच नको. १९९९ साली अवकाशात गेलेल्या एक्सएमएम-न्यूटन या क्ष-किरण वेधशाळेच्या आरशांचं सोनं असंच मास्टरवरून निकेलबरोबर सुटून आलं होतं. तिथे एकेका दुर्बिणीत ५८ आरसे, इथे माझा एक.

पाचवी थांबवली. चांदी चढवायला सिल्व्हर नायट्रेट आणतो, आधी खिडकीच्या फुटक्या काचेवर. मास्टरला तोवर हात लावणार नाही.