फुकट काम करणाऱ्याला नियम कसा लावायचा?

आमच्या वंशावळ-जाळ्यात, म्हणजे पूर्वजांच्या नोंदी मांडणाऱ्या वेबसाइटींच्या जाळ्यात, माझ्याकडे जे काम आहे त्याचं नाव भारदस्त आहे: साइट-तपासनीस. पगार शून्य. ज्यांची तपासणी करायची त्यांचाही पगार शून्य. ते बिचारे साइटचा खर्च पदरचा करतात, रात्र रात्र बसून जुन्या नोंदवह्यांतली अक्षरं लावतात, आणि मग मी त्यांना कळवते की तुमच्या मुख्य पानावर जाळ्याचा लोगो दिसत नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही वैतागले असते.

रचना साधी आहे. प्रत्येक प्रदेशाचं एक पान, त्या पानाचा एक वाली, आणि सगळी पानं जोडणारी एक मुख्य साइट. अमेरिकेतला यूएसजेनवेब हा वंशावळ-साइटींचा प्रकल्प १९९६ साली केंटकी राज्यापासून सुरू झाला, त्याची बांधणी अशीच आहे. काउंटीला (म्हणजे तिथल्या जिल्ह्याला) एक स्वयंसेवक, त्याच्यावर राज्याचा समन्वयक, सर्वांत वर सल्लागार मंडळ. तिथले नियमही अशा जाळ्यांत थोड्याफार फरकाने सापडतात. माहिती फुकट हवी. प्रकल्पाचं बोधचिन्ह दिसलं पाहिजे. वरच्या साइटकडे जायची लिंक हवी. संपर्काचा पत्ता चालू हवा. यात अवघड असं काहीच नाही, आणि तरी वर्षानुवर्षं भांडणं होतात ती याच चार ओळींवरून.

नोकरीत साहेबाने सांगितलं की मान खाली घालून करावं लागतं. इथे समोरचा शांतपणे म्हणतो, "मग तुम्हीच घ्या ना हे पान." आणि ते पान घ्यायला कुणीच नसतं, हे त्यालाही माहीत असतं आणि मलाही.

काही तपासनीस नियमावलीची पोथी करून ठेवतात. मी नियमांचे दोन ढीग केलेत. जो नियम मोडल्याने शोधणाऱ्याची दिशाभूल होते किंवा एखादा जिवंत माणूस अडचणीत येतो, तो पहिल्या ढिगात. बाकीचे सगळे दुसऱ्या ढिगात, आणि त्यांची मी अधूनमधून आठवण करून देते, मागे लागत नाही. लोगो दुसऱ्या ढिगात. पान उघडताच वाजणारं संगीत दुसऱ्या ढिगात (ब्राउझरच हल्ली ते परस्पर गप्प करतात, माझं काम वाचलं). फिरती पृथ्वी, लुकलुकणारी मेणबत्ती, 'काम चालू आहे' म्हणणारा फावडेवाला, कधीच बंद पडलेला पाहुण्यांचा आकडा, हे सगळं त्याच ढिगात. लोकांच्या आवडीनिवडीवर मेल पाठवायला मला कुणी नेमलेलं नाही.

फक्त वाचता आलं पाहिजे. एका बाईंचं पान असं होतं की मागे जुन्या चर्मपत्राचं चित्र आणि त्यावर तपकिरी, तिरकी, बारीक अक्षरं. काम मात्र अस्सल. दफनभूमीतलं एकेक थडगं स्वतः जाऊन वाचलेलं, झिजलेली अक्षरं चौकटी कंसात, न लागलेल्या जागी प्रश्नचिन्ह. पण अशी पानं वाचणारा वर्ग बहुतेक निवृत्तीनंतरचा, चष्म्यातून पडद्याकडे डोकावणारा. वेबच्या सुलभतेचे जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, त्यांत साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं गुणोत्तर किमान ४.५ : १ असावं असं सांगितलंय. या पानावर ते दोनच्या आसपास भरलं. मी मेलमध्ये हा आकडा घातलाच नाही. एकाच थडग्याच्या ओळीची दोन चित्रं पाठवली, एक त्यांच्या पानावरून जशीच्या तशी आणि दुसरं साध्या फिकट रंगावर काळ्या अक्षरांत. त्यांचं उत्तर आलं, "पहिलं चित्र इतकं पुसट का आलंय?" मी कळवलं की ते तुमच्याच पानाचं आहे. पुढचे दोन दिवस शांतता. मग अक्षरं काळी झाली आणि चर्मपत्र नुसतं मथळ्यापुरतं उरलं. नियमाचा आकडा तोंडावर फेकला असता तर आजही आमचं चर्मपत्राच्या सौंदर्यावर बोलणं चालू असतं.

पहिल्या ढिगातला पहिला नियम जिवंत माणसांचा, आणि तिथे मी एक पाऊलही मागे घेत नाही. अमेरिकेची जनगणना ७२ वर्षं बंद असते; १९५० सालची १ एप्रिल २०२२ला खुली झाली. इंग्लंड आणि वेल्सची १९२१ची जनगणना लोकांना बघायला मिळाली ती २०२२च्या जानेवारीत. सरकारं इतकी थांबतात. आणि आमचे एक ज्येष्ठ स्वयंसेवक कौतुकाने नातवाचं पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मगाव आणि आईचं माहेरचं आडनाव एका ओळीत मांडून मोकळे. बँका ओळख पटवायला जे प्रश्न विचारतात त्यांची उत्तरंच ती. "माझा नातू आहे, मी ठरवीन," ते म्हणाले. मी म्हटलं, त्याला एकदा विचारून बघा. त्यांनी विचारलं, आणि ओळ गेली.

पण खरी गोम दुसरीकडे असते. एका साइटवर सगळं नियमाप्रमाणे होतं, हयात माणसाच्या जागी नुसतं 'हयात' लिहिलेलं. पानाच्या तळाशी मात्र 'पूर्ण वंशवृक्ष उतरवून घ्या' अशी लिंक. ती जेडकॉम फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली तर पानावर झाकलेली सगळी माणसं आत तारखांसकट हजर. जेडकॉम म्हणजे वंशावळीच्या प्रोग्रामांची आपसातली बोली. मॉर्मन चर्चने १९८४ साली ती तयार केली आणि आजही एका प्रोग्राममधून दुसऱ्यात जायचं तर तीच लागते. फाइल काढताना हयात व्यक्ती वगळायची खूण बहुतेक प्रोग्रामांत असते, ती करायची राहिली होती. इथे मी मेलची वाट पाहिली नाही, फोनच केला, आणि बोलता बोलता त्यांच्याकडून ती लिंक काढून घेतली. तेव्हापासून कोणतीही साइट तपासताना मी आधी उतरवायच्या फाइली उघडते आणि मग पान बघते.

दुसरा नियम तारखांचा. ०३/०४/१८८७ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च? लिहिणाऱ्याला वाटतं यात विचारण्यासारखं काय आहे, कारण त्याच्या देशात एकच पद्धत असते. म्हणून महिना अक्षरांत लिहा, एवढंच आमचं म्हणणं. जेडकॉममध्येही महिना तीन अक्षरांतच जातो. हे लोक पटकन ऐकतात. जास्त घोळ होतो तो जुन्या इंग्रजी नोंदींत. इंग्लंडमध्ये १७५२पूर्वी नवं वर्ष २५ मार्चला लागायचं, त्यामुळे जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चचा बराचसा भाग मागच्याच वर्षात मोजला जाई. अशा तारखा १७३१/३२ अशा जोडवर्षाने लिहायचा प्रघात आहे. आमच्या एका टापटिपीच्या भोक्त्याने ही तिरकी रेघ 'टंकनदोष' समजून सगळीकडून काढून टाकली आणि पहिलं वर्ष ठेवलं. झालं! मे १७३१मध्ये लग्न झालेल्या जोडप्याचं फेब्रुवारी १७३१/३२मध्ये जन्मलेलं बाळ एकदम लग्नाच्या तीन महिने आधी जन्माला आलं. नऊ महिन्यांचा सरळ हिशेब होता, त्याचं लफडं झालं. वंशजांपैकी एकाने तर त्यावरून दत्तकाची कथाही रचली. म्हणून आमच्या नियमावलीत एक ओळ आहे, जी मला सगळ्यांत आवडते: मूळ नोंदीत जे आहे ते तसंच उतरवा, तुमचं म्हणणं शेजारी लिहा.

त्याच ओळीचं शेपूट म्हणजे स्रोत. 'चर्चची वही' हा स्रोत नव्हे. कोणतं चर्च, कोणती वही, कोणतं पान, मूळ पाहिलं की छापील नक्कल, हे हवं. यावर लोक कुरकुरतात, आणि मी कुरकुर ऐकून घेते आणि पुन्हा मागते.

कॉपीराइटबद्दल थोडक्यात. अनेकांच्या पानावर तळाला लिहिलेलं असतं, 'या नोंदी माझ्या मालकीच्या, परवानगीशिवाय वापरल्यास कारवाई'. जन्म-मृत्यूच्या तारखांवर मालकी कसली? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली एका टेलिफोन डिरेक्टरीच्या खटल्यात स्पष्ट केलं की केवळ घाम गाळून गोळा केल्या म्हणून वस्तुस्थितीच्या नोंदींवर हक्क मिळत नाही. थडग्याचा तुम्ही काढलेला फोटो, तुम्ही लिहिलेला लेख, ते तुमचं. कायदा देशादेशांत बदलतो, त्यामुळे मी यात हुकूम सोडत नाही. मात्र त्या पाटीमागचं दुखणं मला कळतं. वर्षभर खपून केलेलं काम उद्या कुणीतरी नाव न घेता उचलतं. त्यांना मी सुचवते की धमकीऐवजी 'कृपया उल्लेख करा' लिहा. काही ऐकतात.

आता शिक्षेचं. आमच्या हातात शिक्षा एकच, डीलिंक करणं. मुख्य साइटच्या यादीतून त्या पानाची लिंक काढायची. बैठकीत हा शब्द मोठ्या तावातावाने उच्चारला जातो. पण त्यात सजा कुणाला होते? पान चालवणाऱ्याचं काही बिघडत नाही, त्याची साइट त्याच्या जागेवर असते. अडतो तो माणूस, जो पणजीचं आडनाव घेऊन आमच्या यादीत येतो आणि तो प्रदेशच गायब असल्याचं बघून परत जातो. लोगो नाही म्हणून दफनभूमीची अख्खी यादी शोधणाऱ्यापासून तोडणं मला कधीच पटलं नाही, आणि मी तसं बैठकीत बोलल्यामुळे काहीजण मला मऊ म्हणतात. म्हणोत. डीलिंकची शिफारस मी फक्त पहिल्या ढिगासाठी करते, आणि तीही फोन, मेल, मध्यस्थ सगळं करून झाल्यावर.

बाकी वेळी सर्वांत लवकर चालणारा उपाय म्हणजे दुरुस्त फाइल स्वतः करून पाठवणं. 'तुमच्या तुटलेल्या लिंका दुरुस्त करा' असं लिहिलं की मेल महिनोनमहिने पडून राहतो. एका साइटचा सर्व्हर विंडोजवरून लिनक्सवर गेला आणि अर्धी साइट मेली, कारण लिनक्स मोठी आणि छोटी इंग्रजी लिपी वेगळी मानतं आणि फाइलींची नावं कशीही लिहिलेली. मी सगळी नावं छोट्या लिपीत करून, आतल्या लिंका बदलून, झिप पाठवली. त्याच संध्याकाळी चढली. मात्र अशी मदत सार्वजनिक गटात जाहीर करायची नाही, त्या माणसालाच कळवायची. आणि एका मेलमध्ये एकच गोष्ट मागायची. सतरा दोषांची यादी पाठवणाऱ्या तपासनिसाला मी ओळखते. त्याच्या भागात पानांना वाली टिकत नाहीत.

हे सगळं करूनही एक नियम असा आहे की जो मला मनापासून कडक हवा आणि तोच कुणी पाळत नाही: तुमच्यानंतर ही साइट कुणाची? लोकांना फुकट पानं देणारी जिओसिटीज २००९च्या ऑक्टोबरमध्ये बंद झाली तेव्हा तिथली कित्येक कुळांची पानं वाऱ्यावर गेली. वंशावळीच्या पानांना जागा देणारी रूट्सवेब २०१७च्या डिसेंबरमध्ये सुरक्षेच्या कारणावरून बंद ठेवावी लागली आणि तिच्यावरची पानं पुढे टप्प्याटप्प्याने परत आली. पण कंपन्यांचं राहू दे. आमच्याच जाळ्यात एक वाली गेले, घरच्यांना पासवर्ड ठाऊक नव्हता, डोमेनची, म्हणजे साइटच्या पत्त्याची, मुदत संपली, आणि आमच्या यादीतली लिंक थेट जुगाराच्या साइटवर जाऊ लागली. पूर्वजांच्या शोधात आलेल्या एका आजींनी फार सभ्य शब्दांत तक्रार केली होती. जुनी पानं इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये (तिथे वेबपानांच्या जुन्या प्रती जपलेल्या असतात) बरीचशी मिळाली, फोटो मात्र पुष्कळ गेले.

म्हणून मी प्रस्ताव मांडला की प्रत्येक साइटच्या चाव्या दोन माणसांकडे हव्यात. केवढा गहजब! "म्हणजे मी मरायची वाट बघताय का?" असं एकांनी सरळ विचारलं. दुसऱ्या बाई म्हणाल्या की घराची चावी शेजारी ठेवतात, तिजोरीची ठेवत नाहीत. त्यांचं बरोबरच होतं. पासवर्ड मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं, असाच अर्थ निघतो.

मग मागणी बदलली. पासवर्ड तुमच्याकडेच राहू दे, वर्षातून एकदा साइटचा पूर्ण बॅकअप आम्हाला द्या, आणि सोबत दोन ओळींचं पत्र की मी सलग सहा महिने संपर्कात नसलो तर जाळ्याने ही प्रत आपल्या सर्व्हरवर माझ्या नावासह चढवावी. तिजोरीवाल्या बाईंनी सर्वांत आधी दिली. 'मरायची वाट' म्हणणाऱ्या गृहस्थांनी बॅकअप पाठवलाय, पत्र अजून नाही. त्यांच्या पानावर लोगोही नाही. मी सध्या फक्त पत्राच्या मागे आहे.