गाणं अडलंय? आधी तारा उतरवा

स्वतःच लिहायचं, स्वतःच चाल लावायची आणि स्वतःच गायचं, असं वर्षानुवर्षं करत आलेल्यांची एक तक्रार हमखास ऐकू येते: नवं काही सुचतच नाही. बहुतेक वेळा सुचणं आटलेलं नसतं. गिटारवर बोटं जी, सी, डी याच कॉर्डवर जाऊन बसतात आणि शब्द त्यांच्या मागोमाग जुन्याच वाटेनं जातात. म्हणून सुरुवात हातापासून करावी, हे माझं ठाम मत आहे.

गिटारची सहावी आणि पहिली तार ई वरून डी वर आणा, दुसरी बी वरून ए वर. जाड तारेपासून मोजलं तर क्रम होतो डी-ए-डी-जी-ए-डी. डी ला सा धरलं की सा-प-सा-म-प-सा. यात गंधार कुठेच नाही. त्यामुळे मोकळ्या तारा ना मेजर, ना मायनर. गंधार शुद्ध की कोमल, हे गळाच ठरवतो. तानपुऱ्याची सवय असलेल्या कानाला इथे लगेच घरी आल्यासारखं वाटतं. तार लावताना मात्र हव्या त्या स्वराच्या थोडं खाली जाऊन मग वर चढवत आणा. थेट वरून उतरवली तर नटपाशी (खुंट्यांजवळच्या खाचांच्या पट्टीपाशी) अडकलेला ताण वाजवता वाजवता सुटतो आणि कडव्याच्या मध्येच तार बेसूर होते. अकूस्टिक गिटारवर दहा नंबरच्या पातळ तारांचा संच असेल तर सैल झालेली सहावी तार पडद्यांवर खरखरते. बारा नंबरचा, जाड तारांचा संच लावा.

आता शब्द. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं, म्हणून यमकंही क्रियापदांचीच जुळतात: गेलो-आलो, वाटते-दाटते. श्रोत्याला पुढचा शब्द आधीच कळतो आणि गाणं तिथेच शिळं होतं. ‘तुझी वाट मी रोज पाहतो’ ही ओळ फिरवून ‘रोज पाहतो मी तुझी वाट’ केली की लाट, पहाट, घनदाट अशी नामं-विशेषणं हाताशी येतात. गाताना ‘वा’वरचा आ लांबवायचा आणि ट अगदी शेवटी टेकवायचा, तो लवकर आला तर स्वर तुटतो. तार सप्तकात ई किंवा ऊ वर लांब थांबणं टाळलेलं बरं, तिथे बऱ्याच जणांचा गळा आवळतो.

एक गाणं तरी मोठ्या अभंगाच्या मापात लिहून पाहा. चार चरण, अक्षरं ६-६-६-४, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक. ऱ्हस्व-दीर्घाचं बंधन नाही, अक्षरं तेवढी मोजायची, त्यामुळे भजनी ठेक्याच्या आठ मात्रांत ती हवी तशी ताणता येतात. बावीस अक्षरांत कडवं संपवायचं म्हटलं की भरतीचे शब्द गळून पडतात. शेवटचा चार अक्षरांचा चरण श्वासाला जागा देतो, हा तर मोठाच फायदा.

तरीही गाणं कोणासाठी, हा प्रश्न उरतोच. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) आंबेडकरी विचारांची गाणी स्वतः रचून गावोगाव गायले. समोर कोण बसलंय हे त्यांना पक्कं माहीत होतं. ऑनलाइन ऐकणाऱ्यांचे आकडे पाहून लिहिणाऱ्याला ते कधीच कळत नाही. नवं गाणं आधी पंधरा-वीस जणांसमोर, माइकशिवाय म्हणा. चुळबूळ कुठे सुरू होते ते पाहा. बहुधा दुसऱ्या अंतऱ्यात होते, कारण तिथे पहिलाच मुद्दा वेगळ्या शब्दांत आलेला असतो. तो अंतरा सरळ काढून टाका.

जुनी गाणीही सोडू नका. वयानं आवाज खाली आला असेल तर एक-दोन स्वर उतरवून ती पुन्हा रेकॉर्ड करण्यात फार आनंद आहे. पण आधी जुना करार वाचा. ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा, शब्द आणि चालीचा वेगळा. पुन्हा रेकॉर्ड करण्यावर काही वर्षांची बंदीही लिहिलेली असू शकते. हक्क दिल्याची मुदत करारात नमूद नसेल तर कॉपीराइट कायद्यानुसार ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. शिवाय २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीचा हक्क कंपनीला लिहून देता येत नाही. नव्या रेकॉर्डिंगला नवा आयएसआरसी क्रमांक (प्रत्येक ध्वनिमुद्रणाचा ओळख क्रमांक) घ्या, जुनाच वापरला तर दोन्हींचा हिशेब एकमेकांत मिसळतो. आणि आयपीआरएसकडे (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेकडे) नोंद करताना गीतकार व संगीतकार अशा दोन्ही रकान्यांत आपलं नाव आहे ना, ते तपासा. एकच माणूस दोन्ही असला की नेमका एक रकाना रिकामा राहून जातो.