दीड सुताचं ड्रिल

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा शाळेचा निरोप आला आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. शाळेबद्दल लिहायचं म्हणजे मला सरांबद्दलच लिहावं लागणार. बाकीच्या गुरुजनांनी राग मानू नये. टेक्निकलच्या, म्हणजे वर्कशॉप शिकणाऱ्या, मुलांना ‘सर’ एकच, म्हणून नाव लिहीत नाही.

1985 साल, मी नववीत. गॅदरिंगच्या आधी संगीताच्या बाईंना हार्मोनियमचं स्टँड हवं होतं. सरांनी जुन्या दाराचं सागवान काढून दिलं आणि पाय जोडायचं काम माझ्यावर सोपवलं. मागच्या डाव्या पायाला दीड सुताचं (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) भोक पाडताना मी घाई केली. सरांनी शंभरदा सांगितलं होतं, की अर्धा इंच आत गेलं की ड्रिल बाहेर काढ, खाचेतला भुसा झाड, मग पुढे जा. मी तसाच दाबत राहिलो. भुसा दाटला, ड्रिल घट्ट बसलं. ते सोडवायला मी हात तिरका केला आणि टच्‌ आवाज झाला. ड्रिल मोडलं, आणि त्याचा तुकडा लाकडाच्या पातळीच्याही खाली राहिला. पकडीत धरायला केसाएवढंही टोक वर नव्हतं.

मी कोणाला सांगितलं नाही. सरसात, म्हणजे लाकूड चिकटवायच्या गोंदात, भुसा कालवून भोक लिंपलं, पॉलिशपेपर मारला आणि घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी सरांनी पायावरून अंगठा फिरवला. बरोब्बर तिथेच थांबला. ते एवढंच म्हणाले, “आत लोखंड ठेवून वर लाकूड दाखवायचं नाही रे बाळा. उद्या कोणी इथे रंधा मारला तर त्याचं पातं जाईल.” आणि शाळा सुटल्यावर थांबायला सांगितलं.

त्या संध्याकाळी त्यांनी मोडक्या छत्रीची दांडी कापली. लोखंडी नळी, बाहेरून तीन सूत, आत दीड सुताचं ड्रिल सैल बसेल एवढी पोकळ. तिच्या तोंडाला तिकोनी कानशीने दात पाडले, तेही उलट्या फिरकीने कापतील असे. कारण विचारलं तर म्हणाले, “नळी उलटी फिरताना तुकड्याला घासली, तर तो सुटून वर येईल. सुलटी फिरवलीस तर आणखी आत रुतेल.” चकात, म्हणजे हातड्रिलच्या पकडणाऱ्या तोंडात, नळी चेपू नये म्हणून तिच्या वरच्या टोकात लाकडाची गुल्ली ठोकली. नळीला मध्ये टेकायला टोक नसतं, ती लाकडावर नाचते. म्हणून एका टाकाऊ फळीला तीन सुताचं भोक पाडून ती फळी पायावर क्लॅम्पने आवळली. मग छातीने दाबायचं मोठं हातड्रिल माझ्या हातात दिलं. “फिरव. सावकाश. भुसा काढत काढत.”

पाऊण तास लागला. नळी काढली तेव्हा मध्ये सागवानाचा दांडा उभा होता आणि त्याच्या पोटात मोडकं ड्रिल. अरुंद पटाशीने हलकेच कलतं केल्यावर दांडा बुडाशी तुटून आला. आतला खड्डा बुजवायलाही सरांनी साधी गोल खुंटी घेऊ दिली नाही. खुंटीच्या लाकडाचा रेषा पायाच्या रेषेला आडवा पडतो, आणि रेषा जिथे तुटतो त्या तोंडाच्या बाजूने लाकूड स्क्रू नीट धरत नाही. त्यांनी पायाच्या रेषेत रेषा जुळेल अशी गोल ठिगळी सागवानातूनच कापून घेतली, सरस लावून ठोकली आणि रात्रभर वाळत ठेवली. सकाळी नवं भोक मीच पाडलं. या वेळी ड्रिल तीनदा बाहेर काढलं.

आज पुण्याजवळ माझा फर्निचरचा कारखाना आहे. चौदा जण काम करतात. ड्रिल मशीनला उलट फिरवायचं बटण असतं, तरी नवी मुलं ड्रिल अडकलं की मशीनच धरून ओढतात. मी त्यांना चक सैल करून मशीन बाजूला घ्यायला लावतो. ड्रिल तापलेलं असेल तर निवू द्यायचं, मग ड्रिलचा दांडा पकडीने धरून डावीकडे फिरवत वर घ्यायचं. पाणी ओतायचं नाही, लाकूड फुगून आणखी आवळतं. यातला एकही शब्द माझा नाही. कारखान्यात मी बोलतो तेव्हा सरच बोलत असतात.

आता वर्कशॉपच्या जागी कॉम्प्युटरची खोली झाली आहे. मुलांना ते शिकायलाच हवं. पण सागवानाचा भुसा, उकळता सरस, शेवटच्या तासाला टेबलं झाडायची आपली पाळी, हे आताच्या मुलांच्या वाट्याला येणार नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. एखादं टेबल आणि चार पटाश्या तरी ठेवायला हव्या होत्या.

सर जाऊन अकरा वर्षं झाली. शेवटी भेटलो तेव्हा दृष्टी अधू झाली होती, पण मी नेलेल्या पाटावरून अंगठा फिरवून म्हणाले, “कोपरा अजून थोडा मार.” मी परत नेऊन मारला.

ते स्टँड अजून संगीताच्या खोलीत आहे, असं कळलं. वरची फळी हलते म्हणे. समारंभाच्या आदल्या दिवशी मी पटाशी आणि पकड घेऊन येतोय. खोलीची किल्ली तेवढी कोणीतरी काढून ठेवा.