मालवणात चार अंश

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात, सकाळी साडेसहाला, आमच्या गाडीच्या कॉम्प्युटरचं ठाम मत होतं की मालवणात ४ अंश सेल्सियस तापमान आहे. मी पदराने मान पुसत मोबाइलवरच्या त्या आकड्याकडे बघत बसले होते.

गाडी म्हणजे आमची २०१४ची पेट्रोल व्हॅन, पुढच्या सीटखाली इंजिन असलेली. घरातल्या तीन खोल्या आम्ही पाहुण्यांना देतो आणि कोकणकन्येने येणाऱ्यांना आणायला पुतण्या कुडाळला जातो. पाडव्यानंतर त्याची रोजची तक्रार सुरू झाली, "काकी, गाडी चालूच होयना." तीन-चार वेळा स्टार्टर मारायचा, मग एकदाची धडधडत सुरू व्हायची, आणि अंगणभर पेट्रोलचा वास. एकदा सुरू झाली की धामापूरच्या तळ्यापर्यंत जाईतो शहाण्यासारखी वागायची. लिटरला १३ देणारी गाडी ११वर आली होती. चेक इंजिनचा दिवा मात्र एकदाही लागला नाही, त्यामुळे सगळ्यांना वाटलं, किरकोळ असेल.

मेस्त्री आमच्याच शाळेचा. मी हायस्कूलच्या प्रयोगशाळेत २७ वर्षं सहायक होते, त्यामुळे अर्धं मालवण मला अजून बाई म्हणतं. त्याने प्लग काढले; काळेकुट्ट, काजळी धरलेले. नवे टाकले. चार दिवस बरं, पाचव्या दिवशी परत तेच. मग थ्रॉटल साफ केला. मग म्हणाला, "बाई, पंप गेलो आसतलो." पंपाची किंमत ऐकून मी म्हटलं, थांब रे, जरा बघू.

स्टिअरिंगखाली एक सोळा पिनांचं भोक असतं. त्यात खोचायचा, गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे मोबाइलवर दाखवणारा ब्लूटूथचा छोटा डबा मुलाने पुण्याहून पाठवला होता. इंजिन रात्रभर थंड झालं होतं. चावी फिरवली, इंजिन सुरू केलं नाही, आणि दोन आकडे बघितले. कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं, तापमान २७. आत येणाऱ्या हवेचं ४.

प्रयोगशाळेत थर्मामीटर मुलांच्या हातात देण्याआधी मी सगळे एकाच चंचुपात्रात उभे करायची. जो वेगळं बोलेल तो बाजूला. रात्रभर उभ्या गाडीत कूलंट आणि हवा दोन्ही बाहेरच्याच तापमानाला आलेले असणार, एखाद-दोन अंश इकडेतिकडे. २३ अंशांचा फरक पडायला काही कारणच नव्हतं. दुपारी ऊन तापल्यावर परत बघितलं, तर हवा ५!

आता हा आकडा खोटा असला तर बिघडतं काय? या जातीच्या इंजिनात आलेली हवा थेट मोजत नाहीत. इनटेकमधला, म्हणजे हवा आत नेणाऱ्या नळीतला, दाब आणि हवेचं तापमान यांवरून कॉम्प्युटर हिशोब करतो की सिलिंडरमध्ये किती हवा गेली, आणि तेवढं पेट्रोल सोडतो. थंड हवा दाट. नववीच्या मुलालाही जमेल असा भागाकार आहे: खरं तापमान ३४ धरलं तर ३०७ केल्विन, कॉम्प्युटरच्या मते २७७. ३०७ भागिले २७७ म्हणजे सुमारे १.११. म्हणजे आहे त्यापेक्षा ११ टक्के जास्त हवा आहे असं समजून ११ टक्के जास्त पेट्रोल. मग इंजिन गरम करून लाँग टर्म फ्युएल ट्रिम बघितला, म्हणजे कॉम्प्युटर आपल्या हिशोबापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतो किंवा कापतो तो आकडा. उणे १२. सायलेन्सरकडचा ऑक्सिजन सेन्सर धुराची चव घेऊन सांगत होता की पेट्रोल जास्त झालंय, आणि कॉम्प्युटर निमूटपणे कापत होता. पण तो ऑक्सिजन सेन्सर गरम झाल्याशिवाय बोलत नाही. म्हणून सकाळचा सगळा तमाशा.

आणि दिवा का लागला नाही, तर ४ अंश हे काही अशक्य तापमान नाही. सिमल्यात असतंच. कॉम्प्युटरला काय ठाऊक आपण मालवणात आहोत!

हवेचं तापमान सांगणारा सेन्सर एअर फिल्टरच्या डब्यातून निघणाऱ्या प्लॅस्टिकच्या पाइपवर बसवलेला असतो, दोन वायरींचा. सीट उचलली, कनेक्टर काढला. मोबाइलवर उणे ४०. (सेल्सियस आणि फॅरनहाइट जिथे एक होतात तोच आकडा, मला उगाच आनंद झाला.) मग कनेक्टरच्या दोन पिना तारेच्या तुकड्याने जोडल्या, तर १३०च्या वर. म्हणजे वायरिंग ठीक, कॉम्प्युटर ठीक. तार तोडली की अति थंड, जोडली की अति गरम, असंच दिसायला हवं, कारण आत थर्मिस्टर नावाचा छोटा मणी असतो आणि त्याचा रोध तापमान वाढेल तसा कमी होतो. या खटाटोपात दिवा मात्र लागला, पी ०११३ हा हवेच्या सेन्सरच्या तक्रारीचा कोड घेऊन. तो नंतर पुसला.

सेन्सरच्या पिनांवर हिरवा कळंक होता. पितळेच्या भांड्यात दही विसरलं की धरतो तसा. चिवल्याच्या किनाऱ्यावरच्या खाऱ्या वाऱ्यावर काय टिकतंय म्हणा. आमच्या खिडकीच्या कड्या दर दोन वर्षांनी बदलाव्या लागतात. पिना ब्रशने घासल्या, परत लावला. ४चे ९ झाले, दोन दिवसांनी परत ४. तेव्हा नवा मागवला. कोल्हापूरहून एसटीच्या पार्सलने आला, ६५० रुपये.

नवा लगेच बसवायला काही हरकत नव्हती, पण दोघांना शेजारी ठेवून मोजायची हौस. पुतण्याच्या मासळीच्या थर्माकोलमधला बर्फ घेतला, सेन्सर प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून बुडवले, वर मल्टिमीटर. नवा बर्फात ५.८ किलोओहम, घरात ३० अंशांवर १.७, पन्नासच्या कोमट पाण्यात ०.८. जुना तिथेच ९, मग ४.९, मग ४.

वहीत लिहिल्यावर दिसलं की दोघांत प्रत्येक वेळी सव्वातीनच्या आसपासच फरक आहे. म्हणजे आतला मणी बिचारा अजून खरं बोलत होता. त्याच्या तारेचा सांधा आत कुठेतरी गंजला होता आणि तो गंज स्वतःचे सव्वातीन किलोओहम वरून घालत होता. सकाळी ४ आणि भर दुपारी ५ का, तेही सुटलं. वाटेत एवढा मोठा न बदलणारा रोध असला तर मण्याच्या बोलण्याने फरक तो किती पडणार! मी हे पुतण्याला दाखवलं. तो म्हणाला, सेन्सराक बांगड्याचो वास येता.

बसवायला दहा मिनिटं. बॅटरीची उणे बाजू सोडवली, जुना अर्धा वळसा फिरवून ओढला, पाइपच्या भोकाची कड पुसली. ओ-रिंगला खोबरेल लावायचा मोह झाला, कारण हाताशी तेच होतं, पण तेलाने रबर फुगायची भीती, म्हणून सिलिकॉन ग्रीस. तेच थोडं पिनांच्या भोवती, खारं वारं आत जाऊ नये म्हणून. कनेक्टरचा कान मात्र माझ्याच हातून तुटला. नऊ-दहा वर्षं इंजिनाच्या धगीत शेकलेलं प्लॅस्टिक, बोट लावताच कुरकुरीत पापडासारखं गेलं. तिथे केबल टाय आहे आणि बहुतेक राहील.

पहिले आठ-दहा किलोमीटर आयडलिंग वरखाली झालं, कॉम्प्युटर जुनी सवय विसरेपर्यंत. दुसऱ्या दिवशी सकाळी हवा २७, कूलंट २७. गाडी पहिल्या हाकेला सुरू. आठवड्याने ट्रिम उणे २वर आला.

मेस्त्र्याला जुना सेन्सर दाखवायला नेला. त्याने उलटसुलट बघितला आणि हसला, "म्हणजे गाडयेक थंडी वाजत होती?" प्लगचे पैसे परत देतो म्हणाला, मी घेतले नाहीत, प्लग तसेही खराब झालेच होते. निघताना मागून हाक आली, एक रिक्षाटेम्पो महिनाभर त्याच्या दारात पडून आहे.

"बाई, उद्या तो तुमचो डबो घेवन येवा जरा."