कोकण रेल्वे आपट्याला अडली होती तेव्हा

रोह्याच्या मेमूतून आपट्याला उतरलो तेव्हा माझ्यासोबत दोनच माणसं उतरली. कॉलेजातला एक पोरगा आणि सुकटीची पाटी घेतलेली एक मावशी. पोरगा रूळ ओलांडून गेलासुद्धा. मावशीनं पाटी बाकावर टेकवली, सुटलेली चुंबळ पुन्हा वळली आणि मला आपादमस्तक न्याहाळत विचारलं, "शूटिंग हाय काय आज?"

प्रश्न बरोबरच होता. 1995 च्या एका तुफान चाललेल्या हिंदी सिनेमाचा शेवट इथं चित्रित झाला. पडद्यावर ते पंजाबातलं स्टेशन. प्रत्यक्षात पनवेलहून रोह्याकडे जाताना तिसरं. झाडांची सावली आणि तुरळक गाड्या, शूटिंगवाल्यांना आणखी काय लागतं!

मी मात्र आलो होतो आजोबांमुळे. ते कणकवलीकडचे. साठच्या दशकात दिव्याहून निघालेली लाइन पनवेलमार्गे आपट्यापर्यंत आली आणि इथंच संपली. पुढं सगळा कोकण लाल डब्याच्या नाहीतर भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या बोटीच्या भरवशावर. सत्तरच्या दशकात किनाऱ्यालगतच्या रेल्वेची पाहणी झाली, तीही 'आपटा–मंगळूर' याच नावानं. म्हणजे आज जिथं कुणी उतरत नाही, ते गाव तेव्हा अख्ख्या कोकणच्या तोंडी होतं. राजापूरचे खासदार बॅ. नाथ पै यांनी या रेल्वेसाठी जिवाचं रान केलं. त्यांच्यानंतर तिथूनच निवडून आलेले मधु दंडवते 1977 मध्ये रेल्वेमंत्रीही झाले. तरी रूळ रोह्याला पोचायला 1986 उजाडलं. तेही मुख्यतः त्या भागातल्या कारखान्यांसाठी, चाकरमान्यांसाठी नव्हे.

आजोबा म्हणायचे, "रेल्वे येतली रे, पन माज्या बाराव्याक!"

त्यांचा अंदाज चुकला. 1990 मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना, ई. श्रीधरन यांच्या हाताखाली डोंगर पोखरले गेले, आणि 26 जानेवारी 1998 ला रोह्यापासून मंगळूरकडचा सगळा मार्ग खुला झाला. गंमत बघा, नव्या रेल्वेची हद्द सुरू झाली रोह्यापुढं. आपटा राहिलं मध्य रेल्वेत.

फलाटावर तासभर फिरलो. एका बाकाच्या पायाशी शेवाळ इतकं जाड होतं की बोट टेकवलं तर ठसा उमटला. परतीची गाडी फोनवर दिसत होती त्या वेळेला आलीच नाही. वडापाव पिशवीत होता म्हणून निभावलं. तेवढ्यात एक लांब पल्ल्याची गाडी धडधडत गेली. थांबायचा प्रश्नच नव्हता. बाकावरची सुकी पानं तेवढी उडाली.

आजोबा पहिल्यांदा रेल्वेनं मुंबईला आले तेव्हा पेणपासून खिडकीला नाक लावून बसले होते. पाटी झर्रकन मागं गेली. ते माझ्याकडे वळले.

"ह्याच काय ता आपटा?"